सरकारी नोकरीतला खोडकिडा

ज्या खोडकिड्याचे नाव काढताच आपल्याकडचा ज्वारी वा ऊस लावणारा शेतकरी कपाळाला हात लावतो, त्याच वृत्तीचा एक पतंग ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या सरकारने अमेरिकेतून मुद्दाम आणवून, सरकारी खर्चाने त्याचे संगोपन करून रानात सोडला, हे संपादकांनी सांगितले तेव्हा मला ती थट्टा वाटली. आणि केवळ कुतूहलापोटी ब्रिस्बेनच्या उत्तरेकडील दलदलीत जाण्याचे मी कबूल केले.

दप्तरी इतिहास थोडका आहे. बॅकॅरिस हॅलिमिफोलिया हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे झुडूप शोभेसाठी ब्रिस्बेनच्या बागांत आले आणि मादी झुडपांचे केसाळ, हलके बी वाऱ्यावर पसरत जाऊन त्याने कुरणे व पाणथळ जमिनी व्यापल्या. तोडणी व औषधफवारणी यांचा खर्च पेलवेना, तेव्हा 1960 च्या दशकात त्याच्या शत्रूंचा शोध सुरू झाला. जे कीटक त्या शोधातून आले, त्यांपैकी हेलिन्सिया बॅलॅनोटिस हा एक होय. मेरिक या कीटकशास्त्रज्ञाने 1908 मध्ये त्याचे वर्णन केले होते. त्या वेळी तो कोणाच्या उपयोगी पडेल, अशी कल्पनाही कोणाच्या मनात नसावी.

पिसांसारख्या चिरलेल्या पंखांच्या ज्या पतंगांचे कुल आहे, त्यातलाच हा. पुढच्या पंखाला दोन फाटे, मागच्याला तीन, आणि विसावताना ते सारे गुंडाळून तो असा आडवा बसतो की वाळलेली काडी कोणती आणि पतंग कोणता हे ओळखू येत नाही. खरे काम मात्र अळीचे. ती खोडात शिरून गाभा पोखरते, फांदी आतून दुबळी होते आणि पुष्कळदा वाळते.

मला वाट दाखविणारे तणनियंत्रणाचे वृद्ध कर्मचारी झुडपाकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर बुंध्याशी, जमिनीवर होती. तेथे भुसामिश्रित विष्ठेच्या बारीक गोळ्यांचा ढीग दिसला की ते वर पाहून खोडावरचे छिद्र हुडकीत. मी खोड चिरून अळी दाखविण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी सुरी खिशातच ठेवली. एक झुडूप चिरणे म्हणजे कामावरचा एक माणूस कमी करणे, असे ते गंभीरपणे म्हणाले. मला हा मनुष्य फार आवडला.

अडचणी मात्र या किड्याच्या गुणांतूनच निघतात. तो लाकडाच्या आड राहतो, म्हणून त्याला वाढविण्यास पानांचे डबे पुरत नाहीत, कुंडीतली जिवंत झुडपे लागतात. आणि परदेशातून आणलेल्या खोडांतून परजीवी गांधीलमाशा सोबत येऊ नयेत यासाठी पहिल्या पिढीला कडक बंदिवासात ठेवावे लागते. पुढे तो रानात स्थिरावला, तरी शेजारचा शेतकरी, कायद्याचा तगादा लागताच, तेच झुडूप तोडून जाळतो आणि आतल्या अळ्यांसह सरकारची मेहनतही राख होते. शिवाय निवडुंगावरच्या विजयाने साऱ्यांची मने बिघडवून ठेवली आहेत : 1925 मध्ये अर्जेंटिनाहून आणलेल्या कॅक्टोब्लास्टिस पतंगाने काही वर्षांतच कोट्यवधी एकर मोकळे केले, बूनार्गाच्या रहिवाशांनी त्याच्या स्मरणार्थ 1936 मध्ये सभागृहही उभारले; तेव्हापासून प्रत्येक नव्या किड्याकडून तशाच चमत्काराची अपेक्षा केली जाते. हा पतंग तसा नाही. झुडूप मारण्यापेक्षा तो त्याला हैराण करतो, आणि हैराण झालेल्या झुडपाची किंमत अंदाजपत्रकात मांडता येत नाही.

आणलेला किडा पिकावर उतरेल, ही आणखी एक धास्ती आपल्याला जवळची आहे. भारतात 1955 मध्ये पुण्यात प्रथम आढळलेल्या गाजरगवतावर क्वीन्सलंडने 1982 मध्ये मेक्सिकोहून एपिब्लेमा हा खोडाला गाठी आणणारा पतंग आणला, आणि तो तेथे उपयोगी ठरला. पुढे त्याची परीक्षा बंगळूरला झाली. खाद्यवनस्पतींच्या चाचणीत त्याच्या अळ्या कारळ्यावरही पूर्ण वाढल्या. कारळ्याची चटणी ज्यांच्या ताटात रोज आहे, त्यांना पुढचा निर्णय समजावून सांगण्याची गरज नाही. पतंगाला रानात सोडण्याची परवानगी मिळाली नाही, आणि बंगळूरला वाढविलेली त्याची सारी पैदास नष्ट करण्यात आली.