गुडघा आतून दुखतो, पण नेमका कुठे?

आषाढी वारीसाठी त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी करकंबला पोचते, तोवर पंढरपूर हाकेच्या अंतरावर आलेलं असतं आणि कितीतरी वारकऱ्यांचे गुडघे बोलू लागलेले असतात. खुरपणीला उकिडव्या बसणाऱ्या बायांचे तर बारा महिने बोलतात. दोघांची तक्रार एकच, ‘आतल्या अंगानं दुखतंय.’ मग सगळ्या गुडघ्याला बाम चोळला जातो. त्याआधी जागा शोधावी.

खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवा. वाटीच्या खालच्या टोकापासून आतल्या बाजूला बोट सरकवत न्या. दोन हाडांमधली खाच लागेल, ती सांध्याची रेघ. तिथं दाबून दुखलं तर दोन हाडांमधल्या गादीला इजा किंवा सांध्याची झीज असू शकते. खाचेच्या वर-खाली उभ्या पट्ट्यात दुखतंय आणि पाय मुरगळल्याचं आठवतंय, तर आतला अस्थिबंध ताणला असेल. रेघेच्या तीन-चार बोटं खाली, नडगीच्या आतल्या अंगाला मांडीचे तीन स्नायू येऊन चिकटतात. तिथली पाण्याची बारीक पिशवी सुजली की जिना चढताना कळ येते. बोटाचा निकाल शेवटचा नव्हे. दोन दुखणी एकत्रही नांदतात.

आता एका पायरीवर दुखऱ्या पायानं उभे राहा, भिंतीला हात लावा आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाली टेकवा. समोर कुणाला तरी बघायला सांगा. गुडघा आत झुकत असेल तर बहुधा खुब्याच्या बाहेरचे स्नायू कमी पडताहेत आणि ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूला येतोय. घोटे जुळवूनही ज्यांच्या गुडघ्यांत फट राहते त्यांचं उलट असतं. त्यांच्या प्रत्येक पावलाला आतला कप्पा दाबला जातो.

व्यायाम दोन्हीकडे जवळपास तेच. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, पाच सेकंद धरा. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचला. पाय पुढे येऊ द्यायचा नाही, इथंच सगळे फसवतात. दुखणं थोडं निवळलं की खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, उतरताना मनात तीन मोजत. प्रत्येकी दहा वेळा, आठवड्यातून तीन-चार दिवस. फरक कळायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि बरेच जण दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर संख्या निम्मी करा. तोवर उकिडवं बसणं टाळून खुरपताना बुटका पाट घ्या. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो.

गुडघा अडकत असेल, मार लागल्यावर लगेच सुजला असेल, चार पावलंही टाकवत नसतील, किंवा लाल-गरम होऊन ताप आला असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.