'डूलॅली' : एका ग्रामनामाचे अर्थांतर

'वेडसर, डोके फिरलेला' या अर्थाचे 'डूलॅली' हे विरळा इंग्रजी विशेषण मुळात नाशिकनजीकच्या देवळालीचे, गोऱ्या शिपायांच्या तोंडी रुळलेले नाव होय. एकोणिसाव्या शतकात तेथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती. सेवेची मुदत संपलेले शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे थांबत. ही जहाजे हिवाळी हंगामातच सुटत. हंगाम हुकला, की महिनोन्‌महिने तिष्ठणे आले, आणि काम तर फारसे नसेच. सैनिकी बोलीतील मूळ रूप 'डूलॅली टॅप' असे आहे. यातील 'टॅप' म्हणजे हिंदुस्थानीतला, अर्थात मराठीतलाही, 'ताप'. पुढे तो गळून पडला व ग्रामनामच विशेषण झाले. या 'तापा'मुळे शब्दाचा संबंध उन्हाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु फ्रँक रिचर्ड्स या माजी सैनिकाने 'ओल्ड सोल्जर साहिब' (१९३६) या आठवणींत त्याचे मूळ छावणीतील कंटाळ्यात शोधले आहे, आणि तेच अधिक पटते. देवळालीची हवा तर आरोग्यदायी म्हणून ख्यात. मुंबईकर तेथे प्रकृती सुधारण्यासाठी जात.