कासवांच्या गावाला कॅरव्हॅन नेताना

झोपायला बाक, एक शेगडी आणि पाण्याची टाकी असलेली गाडी भाड्याने मिळू लागल्यापासून एक प्रश्न हमखास कानावर येतो : डिसेंबरात ती घेऊन कोकणात उतरायचं आणि वेळासला आठवडाभर कासवांच्या कामाला हातभार लावायचा, असं जमेल का? जमतं. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. पण गाडी कुठे थांबवायची आणि हात नेमका कशाला लावायचा, हे आधी समजून घ्यावं. कारण या कामात उत्साही पाहुण्याचा उपद्रवच जास्त होऊ शकतो.

आधी रस्ता. वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं, मंडणगड तालुक्यातलं गाव. नाना फडणविसांचं मूळ गाव हेच. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्याला यायचं. तिथे गाडी फेरीबोटीवर चढवली की सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला, म्हणजे रायगडातून रत्नागिरीत. पुढे बाणकोट आणि मग वेळास. गाडी उंच आणि लांब असेल तर बोटवाल्यांना आदल्या दिवशी विचारून ठेवा; भरती-ओहोटीप्रमाणे चढउतार बदलतो आणि लांब गाडीचं पोट घासतं. खरी कसोटी मात्र खाडीनंतर लागते. अरुंद रस्ता, कडेला जांभ्याचे गडगे, वर आंब्या-फणसाच्या फांद्या. डिझेल म्हसळ्यातच भरून घ्या.

आता काम. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबरपासून रात्री पुळणीवर चढते, मागच्या पायांनी दीड फुटाच्या आसपास खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभरभर अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा त्या खड्ड्याकडे फिरकत नाही. मागे उरतो तो तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग. पहाटे कुत्री आणि कोल्हे पोचण्याआधी हा माग गाठणं हेच कासवमित्राचं, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्याचं काम. माग जिथे वळतो तिथे तो बारीक काठी हलकेच खुपसून पाहतो. खाली वाळू भुसभुशीत लागली की समजायचं, घरटं इथेच. मग काठी बाजूला ठेवून हातांनी उकरायचं.

अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, कवच चामड्यासारखं मऊ. ती हलवायची तर पहिल्या काही तासांतच, आणि न फिरवता. अंडं घातल्यावर लवकरच आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून अंडी मोजत एकेक करून उचलायची आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवायची. तारीख आणि संख्या पाटीवर लिहायची. पुढचं सगळं वाळूच्या उबेवर. पिल्लू नर होणार की मादी, हेही तीच ऊब ठरवते : वाळू अधिक तापली तर माद्या जास्त, थोडी थंड राहिली तर नर.

पन्नासएक दिवसांनी घरट्यावरची वाळू किंचित खचते. पिल्लं खाली धडपडू लागल्याची ती खूण. मग त्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. बाहेर आलेली पिल्लं पाण्यापासून काही अंतरावर सोडतात; ती पाण्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जातात. कधी टोपलीखाली चाळीस असतात, कधी एकही नाही. गावातल्या कासव महोत्सवाला येऊन रिकामी टोपली पाहिली म्हणून चिडणारे पाहुणे असतात. त्यांच्यासाठी पिल्लं वेळापत्रक पाळणार नाहीत.

म्हणजे हिवाळ्यात गेलात तर पिल्लं नव्हे, अंडी आणि पहाटेची पायपीट तुमच्या वाट्याला येईल. पिल्लांसाठी फेब्रुवारीअखेर किंवा मार्च बरा. मला विचाराल तर डिसेंबर-जानेवारीच चांगला. तेव्हा गर्दी नसते आणि काम दिसतं. अंड्यांना मात्र हात लावायचा नाही. सागरी कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. अंडी हलवण्याचं काम वनखात्याच्या देखरेखीखाली नेमलेली माणसंच करतात. तुमच्या वाट्याला येते ती पुळणीवरची जाळ्यांची तुकडी आणि प्लास्टिक उचलणं, नोंदवही लिहिणं, मार्चमध्ये गेलात तर दोरीपलीकडे गर्दी थोपवणं. हे काम छोटं वाटत असेल तर जाऊ नये.

आता गाडीचा प्रश्न, आणि तिथेच खरी मेख आहे. ती कळायला थोडं मागे जावं लागेल. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं समुद्री गरुडांची पाहणी करताना वेळासच्या किनाऱ्यावर आली, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी उकरून नेली जात होती. भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी गावाला बरोबर घेऊन राखण सुरू केली. अंडी कुठे सापडतात हे गावालाच ठाऊक होतं. पुढे २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहू-जेवू लागले. अंडं विकण्यापेक्षा ते राखण्यात गावाचा फायदा आहे, हे गणित या घरगुती मुक्कामांमुळे जुळलं. किनाऱ्याची राखण उभी आहे ती या पडवीतल्या पंगतींच्या जोरावर.

म्हणून झोपायची, स्वयंपाकाची सगळी सोय असलेली गाडी तिथे नेऊन तिच्यातच राहणं म्हणजे या गणितातून आपला हिस्सा काढून घेणं. वर तुमच्या टाकीतलं सांडपाणी गावात सोडायला जागा नाही. आणि किनाऱ्याला लागून गाडी लावली तर आणखी वाईट. पिल्लं अंधारात जिथे उजेड अधिक तिकडे जातात. निसर्गात तो समुद्राकडे असतो, तुमच्या गाडीमुळे तो सुरूच्या बनाकडे होतो. मादीही उजेड पाहून अंडी न घालताच परत फिरते. पुळणीवर चाकं नेण्याचा तर विचारही नको.

कॅरव्हॅनचा उपयोग पुढच्या वाटेवर करा. वेळासहून दक्षिणेला दापोली तालुक्यातलं आंजर्ले, मग दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडून गुहागर, तवसाळ-जयगड फेरीने शास्त्रीपलीकडे, आणि रत्नागिरीच्या खाली गावखडी, राजापूर तालुक्यातलं वाडा-वेत्ये : या सगळ्या किनाऱ्यांवर कासवं येतात. ती कुठवर जातात हे पाहण्यासाठी २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं, तिचं नाव प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावरचा तो पहिलाच प्रयोग. आणि २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर बिल्ला सापडला, तो तिला २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी मानली जात.

वेळासला मात्र घर आधी ठरवून ठेवा, दोन्ही वेळचं जेवण तिथेच सांगा, आणि गाडी यजमानांच्या अंगणात लावा, दिवे डोंगराकडे करून.