खर्जाला लागते जास्त हवा

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातलं गाव. म्हातोबाच्या यात्रेतलं बगाड ही त्याची जुनी ओळख, राजीव गांधी इन्फोटेक पार्क ही नवी. आठवडाभर संगणकासमोर बसणारी इथली तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी हौसेनं बँड चालवतात. कुणाच्या फ्लॅटमध्ये सराव, मग एखाद्या हॉटेलात, कंपनीच्या समारंभात किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवात कार्यक्रम. अशा बँडमध्ये चौघं-पाचजण असतील, तर एकाच्या गळ्यात चार जाड तारांची, लांब मानेची गिटार असते. तिचं नाव बेस गिटार.

कार्यक्रमाला निघताना सर्वांत जास्त सामान याच वादकाला न्यावं लागतं. साध्या इलेक्ट्रिक गिटारवाल्याचं पिशवीएवढ्या खोक्यावर भागतं, तर बेसवाल्याला पेटीएवढा स्पीकर लागतो. दुकानात गेलं की प्रश्नांची रांगच लागते. किती वॉटचा अॅम्प्लिफायर घ्यावा? स्पीकर दहा इंची की पंधरा इंची? चार ओहम की आठ? या सगळ्या प्रश्नांची उत्तरं शाळेच्या ध्वनी आणि विद्युत या प्रकरणांत सापडतात. वर्गातल्या मुलांना बँडचं वेड असतंच, तेव्हा याच वाटेनं त्या प्रकरणांत शिरून पाहू.

तार जाड का?

साध्या गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते, म्हणजे तिची वारंवारता ८२ हर्ट्झ. बेस गिटारची सर्वांत खालची तार बरोबर एक सप्तक खाली, ४१ हर्ट्झला मिळवलेली असते. वारंवारता निम्मी करायची तर काय करता येईल? तारेचा नियम आपण शिकवतो. लांबी दुप्पट करा, किंवा ताण एक चतुर्थांश करा, किंवा दर मीटरला असलेलं वस्तुमान चौपट करा.

गिटारची तार सुमारे ६५ सेंटिमीटर असते. ती दुप्पट केली तर १३० सेंटिमीटर होईल आणि वादकाचा हात पोचणार नाही. ताण एक चतुर्थांश केला तर तार लोंबेल आणि पट्टीवर आपटत राहील. म्हणून तडजोड केली जाते. लांबी थोडी वाढवून ८६ सेंटिमीटर, ताण साधारण १८ किलो वजनाएवढा, आणि बाकीचं काम वस्तुमानावर. खालच्या तारेचं वजन मीटरला सुमारे ३४ ग्रॅम भरतं. पण एवढी जाड भरीव तार सळईसारखी ताठ होईल आणि बेसूर वाजेल. त्यामुळे मध्ये बारीक पोलादी तार आणि तिच्यावर दुसऱ्या तारेचे वेढे, अशी रचना असते. वजन वाढतं, लवचीकपणा टिकतो.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. तंबोऱ्याची खर्जाची तारही इतर तारांपेक्षा जाड असते. तबल्याच्या जोडीत डग्गा मोठा असतो, तोही त्याच कारणानं. खालचा स्वर हवा असेल तर जास्त वस्तुमान हलवावं लागतं.

भोपळा नसलेलं वाद्य

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांची निम्मी परीक्षा भोपळा निवडण्यात असते. तार बारीक, ती हवा कापत जाते, पण ढकलत नाही. तिचं कंपन घोडीतून तबलीला आणि भोपळ्याला मिळतं. त्यांचा पृष्ठभाग मोठा, म्हणून त्यांनी हलवलेली हवा आपल्या कानापर्यंत पोचते.

अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली जी बेस गिटार बाजारात आणली, तिला पोकळ पोटच नव्हतं. नुसती भरीव लाकडी फळी. तारांखाली चुंबक आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकावर हलली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत विद्युतधारा निर्माण होते. फॅरेडेनं १८३१ साली दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. नायलॉनची तार लावली तर हे वाद्य मुकं होईल, हे मुलांनाच ओळखायला सांगावं.

फेंडर यांच्या वाद्यानं वादकाची मोठी सोय केली. त्याआधी बँडमध्ये खर्जासाठी माणसाहून उंच असा डबल बेस न्यावा लागे. पुढे हे नवं वाद्य मुंबईच्या चित्रपटसंगीतातही रुळलं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ हे त्यातलं ठळक नाव. आज मुंबईच्या मोहिनी डे या बेसवादक म्हणून जगभर वाजवतात. पण वाद्य हलकं झालं म्हणून हवा हलवण्याचं काम संपलं नाही. ते गिटारमधून काढून अॅम्प्लिफायर आणि स्पीकरवर टाकलं, एवढंच. भोपळा गेला नाही, तो वेगळा झाला.

शंभरपट धाव

आता खरा हिशेब येतो. स्पीकरचा कागदी शंकू पुढेमागे होतो आणि हवा ढकलतो. त्याच शंकूनं ४०० हर्ट्झचा आणि ४० हर्ट्झचा स्वर हवेत सारख्याच दाबानं सोडायचा असेल, तर ४० हर्ट्झला त्याला किती जास्त हलावं लागेल? दहापट असं उत्तर पटकन येतं. पण हवेतला दाब शंकूच्या त्वरणावर ठरतो आणि त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. म्हणून शंकूची धाव शंभरपट लागते. ४०० हर्ट्झला शंकू मिलिमीटरचा दहावा भाग हलत असेल, तर ४० हर्ट्झला तो दहा मिलिमीटर हलायला हवा. धाव कमी ठेवायची तर शंकूचं क्षेत्रफळ वाढवावं लागतं. बेसचे स्पीकर मोठे, किंवा एकाच पेटीत चार-चार, आठ-आठ असण्याचं कारण हे.

पेटी तरी कशाला? हा प्रयोग वर्गात नक्की करावा. जुन्या रेडिओतला उघडा स्पीकर काढून छोट्या अॅम्प्लिफायरला जोडा आणि ढोलकी असलेलं एखादं गाणं लावा. आवाज पत्र्यासारखा चिरका येईल. आता दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडून स्पीकर त्यावर घट्ट धरा. ढोलकीला एकदम पोट येतं. उघडा शंकू पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खालच्या स्वरात वेळ भरपूर असल्यानं पुढची हवा कडेनं वळून मागे जाते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात. पुठ्ठा ही वाट अडवतो. पेटी ती पूर्ण बंद करते.

त्यात आपला कानही खर्जाच्या बाबतीत मंद आहे. १००० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू येतो त्या पातळीच्या वर जवळजवळ ५० डेसिबेल गेल्यावर ४० हर्ट्झचा स्वर जेमतेम ऐकू येतो. ५० डेसिबेल म्हणजे तीव्रतेत एक लाखपट. मोठ्या आवाजात ही दरी कमी होते, पण बुजत नाही. गिटारवाल्याच्या तिप्पट-चौपट वॉट बेसवाल्याला लागतात, हा वादकांचा ठोकताळा यातूनच आला आहे.

खरेदीचं गणित

वॉटच्या आकड्यांना मात्र भुलू नये. शंभर वॉटऐवजी दोनशे घेतले तर आवाज दुप्पट होत नाही. तो ३ डेसिबेलनं वाढतो, म्हणजे जरासाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्याउलट पेटी जमिनीवर, भिंतीला लागून ठेवली तर खर्ज फुकटात वाढतो, कारण सगळीकडे पसरणारी ऊर्जा पुढेच वळते.

ओहमचा प्रश्न समांतर जोडणीचा आहे. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की एकूण रोध चार ओहम होतो. तिसरी जोडली तर सुमारे २.७ ओहम. अॅम्प्लिफायरवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलेलं असेल, तर तिसऱ्या पेटीमुळे त्यातून पेलण्यापेक्षा जास्त धारा वाहील आणि तो तापून बंद पडेल किंवा जळेल.

१९६९ साली आलेला अँपेग कंपनीचा गाजलेला ३०० वॉटचा अॅम्प्लिफायर व्हॅक्यूम ट्यूबवर चाले आणि त्याचं वजन चाळीस किलोच्या घरात होतं. आजचे त्याच ताकदीचे अॅम्प्लिफायर दोन-तीन किलोंत मिळतात, कारण त्यांतले ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद राहतात आणि ऊर्जा उष्णतेत फारशी वाया जात नाही. वाकडच्या पुलावरून दुचाकीनं जाणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. पण पेटी तितकी लहान झालेली नाही. इलेक्ट्रॉनिक्स सुधारलं, हवा तीच राहिली.

पन्नास-साठ श्रोत्यांच्या हॉटेलात बारा इंची स्पीकर असलेला दोन-तीनशे वॉटचा एकच संच पुरतो. मोठ्या मांडवात ध्वनियंत्रणेचे स्वतःचे मोठे स्पीकर असतात. तिथे डीआय नावाच्या लहानशा डबीतून गिटारचा संदेश थेट त्या यंत्रणेला द्यावा. आपला संच मग फक्त आपल्याला ऐकू येण्यापुरता लागतो.

तीन पिनांमधली तिसरी

एका बाबतीत मात्र काटकसर नको. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि ती बेसच्या पल्ल्यातच बसते. त्यामुळे सदोष अर्थिंगची घरघर बेसवाल्याला सगळ्यांत आधी ऐकू येते. ती घालवायला काहीजण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात. घरघर थांबते, पण बेसच्या धातूच्या तारा अॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. कुठेतरी दोष असेल आणि वादकाचा एक हात तारांवर व ओठ दुसऱ्या यंत्रणेच्या माइकला लागले, तर वीज त्याच्या शरीरातून वाट काढते. ब्रिटनमध्ये स्वान्सी इथे १९७२ साली लेस्ली हार्वे हा गिटारवादक अर्थ नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. शाळेच्या स्नेहसंमेलनातही दोन पिनांच्या वायरी सर्रास दिसतात. मांडवात वीज घेताना तिसरी पिन आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आहे का, हे शिक्षकांनी स्वतः पाहावं.

शेजाऱ्याची बाजू

हवेत ४१ हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ८.४ मीटर असते. ‘लाट पूर्ण व्हायला जागा लागते, म्हणून बेस लांबूनच ऐकू येतो’ असं वादकांत ऐकायला मिळतं. ते खरं नाही. तसं असतं तर हेडफोनमध्ये खर्ज ऐकूच आला नसता. खरं कारण खोलीत आहे. खोलीची लांबी तरंगलांबीच्या निम्मी, म्हणजे ४.२ मीटर असली, की भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतो. ४.२ मीटर म्हणजे चौदा फूट, फ्लॅटमधल्या दिवाणखान्याची नेहमीची लांबी! भिंतीपाशी स्वर घुमतो आणि मधोमध उभ्या असलेल्या वादकाला तो क्षीण वाटतो. तो बेसचं बटण आणखी फिरवतो.

त्रास होतो तो भिंतीपलीकडच्याला. भिंत वरच्या स्वरांना बऱ्यापैकी अडवते. वारंवारता निम्मी झाली की तिची अडवण्याची क्षमता साधारण ६ डेसिबेलनं घटते. म्हणून शेजाऱ्याला गाणं ऐकू येत नाही, नुसती धडधड जाणवते. आणि ती मोजायला गेलं तर आकडा लहान येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, पण ती ‘ए’ मापनपट्टीवर. ही पट्टी १९३०च्या दशकात हळू आवाजांसाठी कानाचा मंदपणा धरून आखली गेली. ४० हर्ट्झला ती जवळजवळ ३५ डेसिबेल वजा करते. म्हणजे प्रत्यक्ष ९० डेसिबेलचा शुद्ध खर्ज मापकावर ५५च दाखवतो! कागदावर सारं नियमात, आणि शेजारचं आजारी माणूस जागं. ‘सी’ पट्टीवर ही वजाबाकी फारच थोडी असते. ध्वनिमापक किंवा मोबाइलवरचं ॲप वापरताना दोन्ही पट्ट्यांवर मोजून मुलांना फरक दाखवावा.

यातून वाट आहे, आणि ती आपल्या मेंदूनंच दिली आहे. मोबाइलचा चिमुकला स्पीकर ४१ हर्ट्झ जवळजवळ काढतच नाही, तरी त्यावर बेस ओळखू येतो. कारण तारेच्या मूळ स्वराबरोबर ८२, १२३, १६४ असे त्याच्या पटीतले उपस्वरही वाजत असतात. मूळ स्वर गायब असला तरी उपस्वरांमधलं ४१चं अंतर पकडून मेंदू तो स्वर भरून काढतो. म्हणून बेस ऐकू येत नसेल तेव्हा अनुभवी वादक खालचं बटण वाढवत नाही, मधल्या पट्ट्याचं वाढवतो. स्पीकर उचलून कानाकडे तिरका करतो, कारण मधले स्वर सरळ जातात आणि जमिनीवरच्या पेटीतून ते गुडघ्यांवरच आदळतात. श्रोत्यांना स्वर स्पष्ट होतो, अॅम्प्लिफायरवर ताण येत नाही आणि भिंत या स्वरांना बरंचसं अडवते.

तेव्हा शाळेचा कार्यक्रम असो की सोसायटीचा, ‘मोठा बेस लावा’ असं सांगण्याआधी मुलांना एक काम द्यावं. एकानं मंचासमोर, एकानं भिंतीलगत आणि एकानं शेजारच्या घरात, दार लावून, ऐकत बसायचं. तिघांनी लिहिलेलं शेजारी शेजारी ठेवून मग बटणं कुठे ठेवायची ते ठरवायचं. त्यात शेजारच्या घरातून आलेल्या कागदाला एक मत जास्त द्यायला हरकत नाही.