सालदाराचे ठरते, घराचे कधी?

बोदवड परिसरात कापसाच्या भावाची चर्चा निघाली, की मी एकच प्रश्न विचारतो : दहा वर्षांनी तुमच्या घराला या शेतीतून काय हवे आहे? बाप म्हणतो, जमीन राखू. थोरला म्हणतो, विहीर खोल करू. धाकट्याला दुकान टाकायचे असते. तिघेही कष्टाळू, पण दिशा तीन.

शेजारच्या जामनेर तालुक्यातील वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये घरच्या सात हजारांच्या बचतीवर रॉकेलचा व्यापार सुरू केला. १९७८ मध्ये केळी भुकटीचा जुना कारखाना घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढले. पुढे पाइप आले, ठिबक आले. धंदे बदलले, रोख शेतीवरच राहिला. चारही मुलगे त्याच कामात आले. २०१९ मध्ये हीच कंपनी कर्जाने अडचणीत आली. म्हणजे कुठे जायचे याबरोबरच किती कर्ज झेपेल, हेही घराने ठरवायला हवे.

आखाजीला आपण सालदाराचे साल ठरवतो. त्याच सणाला लेकी माहेरी येतात. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत त्यांचाही समान वाटा आहे. मग त्यांनाही सोबत घेऊन घराचे का ठरवू नये?