सकाळी वर्ग, दुपारी सुट्टी: पशुवैद्यकांचं शिक्षण बेटावर आणि वऱ्हाडात

कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या बेटावरच्या हॉटेलात सकाळी आठला पशुवैद्यकांचा वर्ग भरतो. मांजराच्या मूत्रपिंडावर दोन व्याख्यानं, कुत्र्याच्या कातडीवर एक, मग सोनोग्राफीचा सराव. बाराच्या सुमारास हजेरीची सही झाली की डॉक्टर मोकळे. बायकोमुलं समुद्रावर वाट पाहत असतात. आठवडाभर असं चाललं की वीसेक तासांचं शिक्षण पदरात पडतं आणि घरच्यांची सुट्टीही होते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांना ही पद्धत चांगली अंगवळणी पडली आहे. अकोल्यात किंवा अमरावतीत बसून वाचणाऱ्याला ती निव्वळ चैन वाटेल. पण तिच्यामागे कायदा आहे, कराचा हिशेब आहे आणि व्यवसायाची खरी गरजही आहे. त्यातलं वऱ्हाडानं काय उचलावं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

पदवी घेऊन वीस वर्षं झालेल्या डॉक्टरचं ज्ञानही वीस वर्षांचं जुनं होतं. म्हणून बऱ्याच देशांत परवाना चालू ठेवायचा तर ठरावीक तास शिकावंच लागतं. कॅलिफोर्नियात पशुवैद्यकाला दोन वर्षांत 36 तास भरावे लागतात, फ्लोरिडात 30. ब्रिटनमध्ये वर्षाला 35 तासांची अपेक्षा असते. तास भरायचेच आहेत, तर ते थंडीनं गोठलेल्या शहरात बसून भरण्यापेक्षा उबदार बेटावर का नकोत, असा साधा विचार त्यामागे आहे.

दुसरं कारण कराचं. अमेरिकेच्या आयकर नियमांत व्यवसायासाठी केलेल्या परिषदेचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो. परदेशातल्या परिषदेला मात्र जास्तीच्या अटी आहेत. परिषद तिथेच घेण्याला सबळ कारण लागतं. कॅरिबियनमधले बार्बाडोस, जमैका, ग्रेनाडा, त्रिनिदाद असे काही देश या नियमापुरते ‘उत्तर अमेरिका क्षेत्रात’ धरले जातात. त्यामुळे तिथली परिषद करापुरती घरच्या परिषदेसारखीच ठरते. जहाजावर भरणाऱ्या परिषदांना मात्र लगाम आहे: वर्षाला 2,000 डॉलरची मर्यादा, जहाज अमेरिकेत नोंदवलेलं हवं आणि थांबे अमेरिकेच्याच हद्दीतले हवेत. कुटुंबाचा खर्च यात बसत नाही, आणि सहलीचा मुख्य हेतू काम हाच असावा लागतो. कोणत्या बेटावर किती वर्ग भरतात, हे ठरवण्यात निळ्या पाण्याइतकाच या कलमांचा हात आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती बेटं नुसतीच सुंदर नाहीत, तिथे पशुवैद्यकानं शिकण्यासारखं पुष्कळ आहे. सेंट किट्स बेटावर 1982 पासून रॉस विद्यापीठाचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि ग्रेनाडात सेंट जॉर्जेस विद्यापीठाचं. दोन्हींना 2011 मध्ये अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची मान्यता मिळाली. आता तिथल्या गोचिडाची गोष्ट बघा. एकोणिसाव्या शतकात पश्चिम आफ्रिकेतून कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूपला गुरं नेली गेली. त्यांच्या अंगावरून ‘अँब्लिओमा’ जातीचा रंगीत गोचीड बेटावर उतरला आणि सोबत हार्टवॉटर नावाचा गुरांचा जीवघेणा रोग आला. शंभर वर्षांहून अधिक काळ हा गोचीड मोजक्या बेटांपुरता होता. मग विसाव्या शतकात तो एका बेटावरून दुसऱ्यावर दिसू लागला. आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून आलेला गायबगळा तोवर कॅरिबियनमध्ये स्थिरावला होता, आणि त्याच्या पिसांत अडकून गोचिडाची पिल्लं समुद्रापार जात असल्याचं संशोधकांच्या लक्षात आलं. आपल्या शिवारात नांगरामागे चालणाऱ्या पांढऱ्या गायबगळ्याचाच हा भाऊबंद. वऱ्हाडातल्या डॉक्टरनं हे त्या बेटावर उभं राहून ऐकलं तर गोठ्यातल्या गोचीडतापाकडे तो नव्या नजरेनं पाहील. अशी जागा वर्गाचाच भाग असते.

आपल्याकडचा पशुवैद्यक कशात अडकलेला असतो ते पाहू. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याचं वर्ष रोगांच्या आणि लसींच्या पंचांगावर चालतं. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, शेळ्यामेंढ्यांना आंत्रविषाराची. लाळ्या खुरकुताच्या फेऱ्या वेगळ्या: केंद्राचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून त्या फेऱ्या आणि ब्रुसेलाची लस टोचायच्या वासऱ्यांची नोंद अंगावर आहे. पावसाळा सुरू झाला की फोन थांबत नाही. “साहेब, ढोर बसून राह्यलं, लवकर या,” असा फोन येतो आणि ताट तसंच राहतं. सप्टेंबरपासून म्हशी विण्याचा हंगाम. उन्हाळ्यात पारा 45 वर, गुरांना पाणी नाही, चारा नाही. सुट्टी मिळते ती लग्नाला किंवा मयतीला. घरी मुलं विचारतात, बाबा, आपण कुठं जाणार? त्याला उत्तर नसतं. प्रशिक्षणाचं पत्र आलं की डॉक्टर एकटाच जातो, तीन दिवस वसतिगृहात राहतो आणि परत येतो. शिकण्याचे दिवस घरापासून तुटलेले आणि सुट्टीचे दिवस मुळातच नाहीत, अशी ही कोंडी आहे. अमेरिकन पद्धतीत एकाच रजेत दोन्ही बसतात. मला पटते ती ही गोष्ट.

शिकणं किती तातडीचं असतं, याचे दोन दाखले आपल्याच शिवारातले आहेत. एक गिधाडांचा. वेदनेवर आणि सुजेवर डायक्लोफिनॅक टोचायचं, असं एका पिढीला महाविद्यालयात शिकवलं गेलं. औषध स्वस्त होतं आणि गुणही लवकर यायचा. पण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. तोवर भारतातली गिधाडं जवळजवळ संपली होती. जनावरांसाठी हे औषध 2006 मध्ये बंद झालं. मेलोक्सिकॅमचा पर्याय आला. पुढे 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. गोठ्यातली एक सुई आणि आकाशातला एक पक्षी यांचं नातं जुन्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते नंतर शिकावं लागलं. पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडं 2024 च्या सुरुवातीला ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. ती तगतील की नाही, हे खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यात कोणती बाटली उघडली जाते यावरही अवलंबून आहे.

दुसरा दाखला लंपीचा. हा रोग भारतात 2019 मध्ये ओडिशात दिसला. 2022 च्या ऑगस्टात तो जळगाव जिल्ह्यात पेटला आणि बघता बघता अकोला, बुलढाणा, अमरावतीत आला. अंगभर गाठी, पायांना सूज, ताप. कास्तकार रात्र-रात्र गोठ्यात बसून राहिले. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची, म्हशीपेक्षा गाय जास्त पकडली जाते, माश्या-डास आटोक्यात आणल्याशिवाय गाव मोकळं होत नाही, हे सगळं डॉक्टरांना काम करता करता शिकावं लागलं. ते ज्ञान पक्कं करायचं, एकमेकांच्या नोंदी पडताळून पाहायच्या, तर निवांत चार दिवस हवेत. साथ ओसरल्यावर असे दिवस फार थोड्यांना मिळाले.

निसर्गरम्य जागी शिकायला जाणं हे आपल्या पशुवैद्यकाला नवं नाही. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा 1889 मध्ये पुण्यात उघडली. जीवघेण्या जंतूंवर काम करायचं तर वस्तीपासून दूर आणि थंड हवेची जागा हवी, म्हणून ती 1893 मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. देवदार आणि समोर हिमालयाची रांग. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख 1897 मध्ये तिथे येऊन गेले. बुळकांडीवरच्या लसीचं काम त्या डोंगरावर झालं. त्या रोगातून देश मुक्त झाल्याचं 2006 मध्ये जाहीर झालं आणि जग 2011 मध्ये. प्रयोगशाळेची पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली आणि मुक्तेश्वरचं केंद्र आजही तिचा भाग आहे. तिथे प्रशिक्षणाला जाणारा डॉक्टर डोंगर पाहूनच परततो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पैशाचा प्रश्न अवघड आहे आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. औषध कंपनीनं तिकीट काढून दिलं तर डॉक्टरची लेखणी मोकळी राहत नाही. माणसांच्या डॉक्टरांसाठी मार्च 2024 मध्ये केंद्रानं औषध कंपन्यांची आचारसंहिता आणली. त्यात डॉक्टरांच्या प्रवासाचा खर्च कंपन्यांनी करू नये आणि परदेशात शिक्षणवर्ग भरवू नयेत, असं बजावलं आहे. पशुवैद्यकांनीही हाच दंडक आपणहून पाळावा, असं मला ठामपणे वाटतं. प्रतिजैविकांचा वापर कमी करा असं शिकवणाऱ्या वर्गाचं जेवण प्रतिजैविक विकणाऱ्यानं घालू नये. प्रशिक्षणाचा खर्च सरकारनं, विद्यापीठानं आणि डॉक्टरच्या खिशानं मिळून उचलावा. कुटुंबाचं भाडं डॉक्टरनं स्वतः भरावं. असं केलं की कॅरिबियन बेट आपसूकच यादीतून गळतं.

मग अकोल्यातच करू. मूर्तिजापूर रस्त्यावर स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ 2000 मध्ये स्थापन झालं, ही संस्था त्याच विद्यापीठाची. शिकवणारे आहेत, दवाखाना आहे, जनावरं आहेत. सकाळचे चार तास इथे हातानं करण्याच्या कामाचे ठेवावेत. सोनोग्राफीचंच घ्या. म्हैस गाभण आहे की नाही हे हातानं चाचपून खात्रीनं सांगायला साधारण दीड-दोन महिने जावे लागतात. सोनोग्राफीत ते महिन्याभरात दिसतं. पण पडद्यावर काळा ठिपका दिसणं वेगळं आणि तो ओळखणं वेगळं. डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा चढवतो, शेण काढून घेतो, प्रोब मुठीत धरून आत नेतो आणि गर्भाशयाच्या शिंगावर टेकवतो. म्हैस हलते, चित्र सुटतं. शेजारी उभा असलेला शिक्षक मनगट जरा डावीकडे वळवायला सांगतो, आणि पाण्याच्या काळ्या पिशवीत गर्भाची पांढरी रेघ उमटते. व्हिडिओ शंभर वेळा पाहिला तरी मनगटाला ते वळण येत नाही.

तसंच वार अडकलेल्या गाईचं. उघड्या हातानं वार ओढण्याची सवय अजून अनेकांना आहे. गाईला ब्रुसेला असेल तर तो डॉक्टरला होतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात आणि मलेरिया समजून महिने वाया जातात. हातमोजा, चष्मा, नंतरची विल्हेवाट हे सगळं एका सकाळी जनावरासमोर शिकवता येतं, आणि ते ऐकायला डॉक्टरची बायकोही बसली तर फार बरं, कारण ते कपडे घरीच धुतले जातात.

वऱ्हाडाकडे शिकवण्यासारखं आपलं असंही आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली पूर्णाथडी म्हैस, भुरकट रंगाची, खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या पाण्यावर आणि कडक उन्हात निभावणारी. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतले डॉक्टर इथे येऊन तिच्या कासेचं, आचळांचं, विण्याच्या अंतराचं मोजमाप करतील, तर दोघांचाही फायदा.

आणि दुपारनंतर मेळघाट. तिथला व्याघ्र प्रकल्प 1974 चा, देशातल्या पहिल्या काही प्रकल्पांपैकी. अकोट तालुक्यातला नरनाळा किल्ला मुलांना हुंदडायला पुरेसा आहे, आणि चिखलदऱ्याची थंड हवा आणि कॉफीचे मळे पाहायला एक पूर्ण दिवस ठेवता येईल. जंगलाच्या कडेलाही धडा आहेच. वाघानं गाय मारली की नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात जनावराची किंमत पशुधन विकास अधिकाऱ्याला ठरवावी लागते. मानेवरचे दात वाघाचे की बिबट्याचे, हे वन खात्याच्या माणसासोबत जागेवर पाहिलेलं विसरत नाही. गावकुत्र्यांच्या लसीकरणाचंही तसंच आहे. गीरच्या जंगलात 2018 मध्ये थोड्या आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले आणि त्यांतल्या काहींमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. मेळघाटाच्या कडेच्या गावांत कुत्र्याला टोचलेली लस वाघासाठीही असते.

वेळ दिवाळीच्या सुट्टीतली धरावी. शाळा बंद असतात, पावसाळी साथी ओसरलेल्या असतात, जंगलाची दारं उघडलेली असतात आणि सातपुडा हिरवा असतो. अडचण एकच, म्हशी त्याच दिवसांत वितात. म्हणून सगळे डॉक्टर एकदम जाऊ शकत नाहीत. अकोला जिल्ह्यात सात तालुके आहेत. पहिल्या आठवड्यात अकोट, बाळापूर आणि बार्शीटाकळीच्या डॉक्टरांनी जावं, तेव्हा तेल्हारा, पातूर आणि मूर्तिजापूरच्यांनी अतिरिक्त कार्यभार सांभाळावा. दुसऱ्या आठवड्यात उलट. अकोला तालुक्यात दवाखाने जास्त, तिथे निम्मे-निम्मे करता येतील. हे वेळापत्रक पशुसंवर्धन विभागानं दसऱ्याआधीच काढावं, आणि कोणत्या दिवशी कोणत्या डॉक्टरला फोन करायचा, हे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मोबाइल क्रमांकासह लिहावं.