तंबाखूच्या भावकीत इबोगा

सकाळी ७:३०. येना, जर्मनी. ग्रीनहाउसमध्ये बेंथामियानाची रोपं. ऑस्ट्रेलियातली ही जात तंबाखूच्या भावकीतली. व्यसनावर चालू शकेल असं इबोगेन हे रसायन आम्ही नेमकं तिच्या पानांत घडवू पाहतो. सुई काढलेली सिरिंज पानाच्या पाठीला टेकवायची आणि इबोगा या झुडपाची जनुकं वाहणारे जिवाणू आत दाबायचे. दोन ट्रे झाले की अंगठा ठणकू लागतो.

१०:००. गेल्या आठवड्यातली पानं तोडली. द्रव नायट्रोजन, खलबत्ता, मिथेनॉल. हात गारठतात, बाकी विशेष नाही.

१२:००. जेवताना नव्या विद्यार्थ्याचा प्रश्न: सरळ झाडातूनच का काढत नाही? इबोगेन इबोगाच्या मुळाच्या सालीत असतं, साल हवी तर बहुतेकदा झुडूपच उपटावं लागतं. इबोगा गॅबॉन आणि आसपासच्या जंगलातलं. ब्विती परंपरेतल्या लोकांना ते विधींसाठी लागतं. १९६२ मध्ये हॉवर्ड लॉट्सॉफ या हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन तरुणाने इबोगेन घेतलं. अंमल उतरला तेव्हा हेरॉइनची तलफ उरली नव्हती. पुढे मागणी वाढली. पण ते हृदयाची लयही बिघडवतं, माणसं दगावलीत. ‘चमत्कारी मूळ’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

दुपारी ३:००. मास स्पेक्ट्रोमीटर. दिवसातला हा खरा वेळ. झाडात इबोगेन घडण्याची सुरुवात ट्रिप्टोफॅनपासून; वाटेत स्ट्रिक्टोसिडिन लागतं. आपल्या सदाफुलीचीही वाट इथवर तीच, आणि पुढेही बरीच. शेवटच्या वळणावर एकच रेणू दोन्ही झाडं उलटसुलट दुमडतात: सदाफुली उजव्या हाताचा सांगाडा बनवते, इबोगा डाव्या हाताचा. त्यापुढच्या पायऱ्या मात्र अगदी किरकोळ. इबोगामिनचं वजन पडद्यावर २८१. एक एन्झाइम ऑक्सिजन जोडतं, २९७: नॉरइबोगेन. दुसरं मिथाइल गट चढवतं, ३११: इबोगेन. पानाला इबोगामिन पाजलं होतं, तरी २९७ जेमतेम. ४५९ मात्र भरपूर. म्हणजे २९७वर १६२ची भर, साखरेची. परका हायड्रॉक्सिल दिसला की बेंथामियाना त्यावर साखर चिकटवून मोकळी होते. तिच्या दृष्टीने तो कचरा. आमची आठवड्याची मेहनत.

५:३०. ३११ दिसला! जनुक न घातलेल्या पानातही पुसटसा दिसला. आधीच्या नमुन्याचं उरलंसुरलं असणार. कॉलम धुवून सगळे नमुने रात्रीच्या रांगेत पुन्हा लावले. जिवाणूंचे फ्लास्क २८ अंशांवर हलत ठेवले आणि सायकल काढली.